घरचा मालिका-संग्रह : जुने की नवे?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर दूरचित्रवाणीच्या मालिकांचा विषय घेऊन यावे, हे काही ज्येष्ठ श्रोत्यांस थोडे हलके वाटण्याचा संभव आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात ही परंपरा सुरू झाली, तेव्हापासून तिच्यात राजकारण, अर्थकारण, समाजसुधारणा असे भारदस्त विषय मांडले जात आले आहेत. परंतु ज्या वस्तूपुढे आपल्या घरातली माणसे रोज संध्याकाळी दोन-दोन तास बसतात, तिच्याविषयी वर्षातून एकदा तासभर विचार केला तर तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये.

शिवाय या विषयाचे आपल्या गावाशी एक नाते आहे. सिडकोची स्थापना झाली मार्च १९७० मध्ये. मुंबईच्या दूरदर्शन केंद्राने वरळीहून प्रक्षेपणास आरंभ केला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ठाण्याच्या खाडीवरचा पहिला पूल रहदारीस खुला झाला १९७३ साली. म्हणजे नवी मुंबई आणि मुंबईची दूरचित्रवाणी ही पाठोपाठची भावंडेच म्हणावयाची. वाशीला पहिली घरे उभी राहिली तेव्हा गच्चीवर अँटेना लावून ती वरळीच्या दिशेने फिरवीत बसलेले गृहस्थ आजच्या सभेतही असतील. त्यांना आणि त्यांच्या नातवंडांना एकाच वेळी पडणारा प्रश्न आज आम्ही घेतला आहे. घरात मालिका जपून ठेवावयाच्या, तर जुन्या ठेवाव्या की आजच्या?

हा वाद घरोघर चालतो. आजोबा म्हणतात, "चिमणराव गेले, गंगाधर टिपरे गेले, आता काय उरले आहे ठेवण्यासारखे?" नातू म्हणतो, "तुमच्या वेळी एकच वाहिनी होती, म्हणून जे लागेल ते चांगलेच वाटायचे." आम्हांस दोघांचेही थोडे थोडे खरे वाटते. म्हणून प्रथम दोन्ही बाजू नीट तपासू.

जुन्या मालिकांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा त्यांच्या रचनेचा आहे. दूरदर्शनच्या काळी बहुतेक मालिका आठवड्यातून एकदा लागत आणि तेरा भागांच्या हिशेबाने मंजूर होत. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा एक चतुर्थांश. त्यामुळे तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न असे भागांचे आकडे पडत. श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही १९८८ सालची मालिका त्रेपन्न भागांची. त्याच वर्षी दाखविली गेलेली गोविंद निहलानी यांची 'तमस' तर चार-पाच तासांत संपणारी. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरून केलेली 'मालगुडी डेज' १९८६ ची. तिचा प्रत्येक भाग बहुधा स्वतंत्रपणे पाहता येतो. मराठीत दूरदर्शनने ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' राजदत्तांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आणला. तोही एका पुस्तकाच्या मापाचा. लेखकाला शेवट ठाऊक असे आणि तो ठराविक आठवड्यांत गाठावा लागे. अशी वस्तू कपाटात मावते आणि डोक्यातही मावते.

१९९९ साली अल्फा मराठी आणि पुढच्याच वर्षी ई-टीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्या आणि लवकरच रोजच्या मालिकेचे राज्य आले. रोजच्या मालिकेचा धंदा वेगळा असतो. तिला जाहिरात मिळते ती उद्या प्रेक्षक परत येईल या भरवशावर. म्हणून तिने संपणे हा तिचा तोटाच. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एक भाग बावीस मिनिटांचा धरला तर अकराशे तास होतात. रोज दोन तास पाहत बसले तरी एकदा पाहून व्हायला दीड वर्ष लागेल! या मालिकेची आम्ही निंदा करीत नाही. अकरा वर्षे लाखो घरांना तिने सोबत केली. परंतु वाहत्या नदीचे पाणी आणि हंड्यात भरून ठेवावयाचे पाणी यांचा हिशेब निराळा असतो. रोजची मालिका ही सोबतीला असते, साठवणीला नसते.

आता नातवाची बाजू. जुने सगळे चांगले होते ही आपल्या आठवणीची करामत आहे. आठवणीत चांगलेच टिकते, सुमार गळून जाते. 'गजरा' आणि 'प्रतिभा आणि प्रतिमा' आपल्याला आठवतात. पण त्याच पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी पाहत आपण किती वेळ बसलो, किती कंटाळवाणी भाषणे केवळ दुसरी वाहिनी नाही म्हणून ऐकली, हे कोणी सांगत नाही. शिवाय जुन्या विनोदात बायकांवर, खेडुतांवर आणि परप्रांतीयांवर मारलेले जे टोले तेव्हा सहज हसून घेतले, ते आज मुलांसमोर लावताना आपणच चुळबुळतो. दुसरे असे की, आजच्या काळातही आटोपशीर, संपणारी रचना परत आली आहे. आंतरजालावरील मंचांसाठी तयार झालेल्या मालिका सहा, आठ, दहा भागांत आटपतात. 'आणि काय हवं' ही २०१९ ची मालिका नवविवाहित जोडप्याच्या संसारातील अगदी साधे प्रसंग घेते. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' २०२० ची. मानवत येथील १९७० च्या दशकातील खुनांच्या तपासावरची 'मानवत मर्डर्स' २०२४ ची. म्हणजे जुन्या तेरा भागांच्या शिस्तीची ही नातवंडेच झाली.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत नेमका हाच वाद निघतो. जुन्या नामवंतांची नाटके सोडून या नव्या कवीचे नाटक का करावयाचे, असे विचारल्यावर सूत्रधार सांगतो की, केवळ जुने म्हणून ते चांगले ठरत नाही आणि केवळ नवे म्हणून वाईटही ठरत नाही. शहाणा माणूस पारखून घेतो. हे उत्तर आपल्याला पुरे पडावयास हवे होते. पण पडत नाही. पारखून घ्यावयाचे तर दोन्ही वस्तू समोर असाव्या लागतात. आपली अडचण अशी की, जुन्यातले पुष्कळसे समोर उरलेलेच नाही आणि नव्यातले समोर असूनही आपल्या हातात नाही. ही अडचण जरा उलगडून सांगितली पाहिजे, कारण संग्रहाचा सगळा प्रश्न तिच्यात आहे.

जुने का उरले नाही? चि. वि. जोशी यांच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने सत्तरच्या दशकात 'चिमणराव' ही मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्यांनी ती पाहिली त्यांच्या डोळ्यांसमोरून ती अजून हलत नाही. पण आज ती आरंभापासून अखेरपर्यंत पाहीन म्हटले तर मिळत नाही. त्या काळी चित्रफीत बाहेरून येई, महाग असे आणि थोडी असे. एक कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा मुद्रित करीत. हे आपल्याकडेच झाले असेही नाही. लंडनच्या बीबीसीने आपल्या संग्रहातील पुष्कळ कार्यक्रम असेच नाहीसे केले. १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग हरवले. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षक, त्यांत शाळकरी मुलेही होती, आपापल्या घरी दूरचित्रवाणीजवळ ध्वनिमुद्रक मांडून तो आवाज टिपून ठेवीत. एवढ्या मोठ्या संस्थेने जे पुसले, ते मुलांच्या कपाटात सापडले. घरगुती संग्रहाचे महत्त्व सांगावयास याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

या पुसापुशीत आमचाही एक वाटा आहे. तो येथे कबूल केल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. आमच्या वडिलांनी वाशीच्या घरात मोठ्या हौसेने व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर घेतला होता. निवडक कार्यक्रम ते टिपून ठेवीत आणि प्रत्येक कॅसेटवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवीत. ९ मार्च १९९६ रोजी बंगळूरला भारत आणि पाकिस्तान यांचा विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना होता. घरात कोरी कॅसेट नव्हती. आम्ही हाताला आली ती घेतली आणि तिच्यावर सामना टिपला. तिच्यावर 'प्रतिभा आणि प्रतिमा'मधील एका वयोवृद्ध लेखकाची मुलाखत होती. वडील रागावले नाहीत. त्यांनी फक्त जुन्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी चिकटविली. ते गेल्यानंतर माळा आवरताना ती कॅसेट हाती लागली. वरची चिठ्ठी सुटली होती, आणि खाली त्यांच्या अक्षरातले लेखकाचे नाव व तारीख दिसत होती. तो सामना आज जगात कोणालाही, कोठेही, केव्हाही पाहता येतो. ती मुलाखत आम्ही अद्याप शोधत आहोत.

आता नव्याची अडचण पाहू. ती याहून चमत्कारिक आहे. आपल्याला वाटते, नवे सगळे आंतरजालावर आहे, जाईल कोठे? आणि ते आहे तरी किती जवळ! ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जेथे एके काळी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने दाटीने होते, तेथे आज माहितीची कोठारे उभी आहेत. बाहेरून पाहावे तर बिनखिडक्यांच्या थंडगार इमारती. आत रांगेने लावलेली संगणक-यंत्रे. देशभरची माणसे आपल्या हातातल्या फोनवर जी चित्रे पाहतात, त्यांतली पुष्कळशी अशाच कोठारांतून निघतात. म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याने बसमधून जाताना आपण कदाचित आपल्या आवडत्या मालिकेच्या उशालगत जात असतो. पण कोठार आपल्या गावात असले तरी किल्ली आपल्याकडे नाही. आपण वर्गणी भरतो ती पाहण्याची, ठेवण्याची नव्हे. फोनमध्ये 'डाउनलोड' करून घेतलेला भागसुद्धा मंचाच्या कुलपातच असतो. वर्गणी संपली किंवा करार संपला की तो उघडत नाही.

आणि करार संपतात. अमेरिकेतील एचबीओच्या गाजलेल्या मालिका भारतात ज्या मंचावर दिसत, तेथून त्या ३१ मार्च २०२३ नंतर उठल्या आणि काही आठवड्यांनी दुसऱ्याच मंचावर उगवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे दोन्ही मंच एकत्र होऊन तिसरेच नाव धारण करते झाले. हे स्थलांतर तरी परवडले. 'विलो' नावाची एक खर्चिक मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये डिस्ने प्लस या मंचावर आली आणि मे २०२३ मध्ये तिच्या मालकांनीच ती काढून घेतली. ती त्या मंचासाठीच तयार झाली होती. बाजारात तिची तबकडी नव्हती. सहा महिन्यांचे आयुष्य! आजोबांचा 'चिमणराव' फीत महाग होती म्हणून गेला. नातवाची मालिका जागा मुबलक असूनही केवळ हिशेबाच्या एका ओळीने जाऊ शकते. म्हणून आमचे म्हणणे असे की, नवे हे जुन्यापेक्षा सुरक्षित आहे हा समज सोडून द्यावा.

येथवर आल्यावर जुने की नवे हा प्रश्न आपोआप बदलतो. संग्रहाला वयाची कसोटी लावण्यात अर्थ नाही. आमच्या मते त्याला 'पुन्हा' या एकाच शब्दाच्या दोन कसोट्या लावाव्या. पहिली, हे पुन्हा पाहावेसे वाटेल काय? आणि दुसरी, हे पुन्हा मिळेल काय? या दोन प्रश्नांच्या होकार-नकारांतून चार घरे तयार होतात. प्रत्येक मालिका कोणत्या ना कोणत्या घरात बसते.

पहिले घर पुन्हा पाहावेसे वाटेल आणि पुन्हा मिळेलही, अशा मालिकांचे. रामानंद सागर यांचे 'रामायण' या घरातले. १९८७-८८ मध्ये ते प्रथम लागले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ते पुन्हा दाखविले तेव्हाही कोट्यवधी लोकांनी पाहिले. त्याची जपणूक करणारे पुष्कळ आहेत. अशा मालिकांवर आपल्या कपाटातली जागा आणि गाठीचे पैसे खर्च करण्याची घाई नको. जुने असणे एवढाच त्यांचा हक्क असेल तर तो पुरेसा नाही.

दुसरे घर, पुन्हा पाहावेसेही वाटणार नाही आणि मिळण्याची अडचणही नाही, अशांचे. रोजच्या मालिकांचा मोठा भाग येथे येतो. जेवताना पाहावे, बोलावे, सोडून द्यावे. यात कमीपणा नाही. वर्तमानपत्र आपण वाचतोच की, पण त्याची बांधणी करून ठेवत नाही.

तिसरे घर मोठे मजेचे आहे. स्वतःला पुन्हा पाहावेसे वाटेलच असे नाही, पण पुन्हा मिळणार नाही हे निश्चित. गावच्या केबलवाल्याने नव्वदच्या दशकात दाखविलेला गणेशोत्सव, एखाद्या जुन्या गावठाणातली गावदेवीची जत्रा, शाळेचे संमेलन, निवडणुकीच्या रात्रीच्या बातम्या, त्या काळच्या जाहिराती. फिलाडेल्फिया शहरात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत घरात अनेक यंत्रे अहोरात्र चालवून दूरचित्रवाणीच्या बातम्या टिपल्या. सुमारे सत्तर हजार कॅसेटी झाल्या! शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा छंद विक्षिप्त वाटला असेल. पण पुढे एका मोठ्या सार्वजनिक डिजिटल संग्रहालयाने त्या साऱ्या स्वीकारल्या. आपल्या दोन खोल्यांच्या घरात हे शक्य नाही आणि करूही नये. मात्र सिडकोच्या पहिल्या वसाहतींचे, पुनर्वसन झालेल्या गावांचे, खाडीवरून १९९२ साली वाशीला पहिली लोकल आली त्या दिवसांचे असे काही तुमच्या माळ्यावर असेल, तर ते टाकण्यापूर्वी वाचनालयाला विचारा, एवढीच विनंती.

चौथे घर, पुन्हा पाहावेसे वाटेल, पण पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. घरच्या संग्रहाचे खरे क्षेत्र हेच. 'गोट्या' येथे येतो. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी २००१ पासून केलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही जुन्या-नव्याच्या सीमेवरची साप्ताहिक मालिका आज मिळते, उद्याचे सांगवत नाही. म्हणून तीही येथेच. विजया मेहता यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरून केलेली 'स्मृतिचित्रे' येथली. आणि 'आणि काय हवं'सारखी आजची आटोपशीर मालिकाही येथलीच, कारण तिची तबकडी दुकानात मिळत नाही. या घरात आजोबा आणि नातू शेजारी शेजारी बसतात.

आता कोणी विचारील, हे कायद्यात बसते काय? आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्याच्या सदतिसाव्या कलमाने प्रसारण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रसारणावर पंचवीस वर्षांचा हक्क दिला आहे. परंतु एकोणचाळिसाव्या कलमात असेही म्हटले आहे की, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रसारणाचे ध्वनी वा दृश्य मुद्रण करणे हा त्या हक्काचा भंग नव्हे. मालिकेच्या निर्मात्याचा हक्क याहून निराळा आणि साठ वर्षांचा असतो; तेथेही खासगी व वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर कायद्याने वगळला आहे. तात्पर्य, घरात आलेला कार्यक्रम घरच्यांसाठी टिपून ठेवणे वेगळे आणि त्याच्या प्रती काढून वाटणे वा विकणे वेगळे. हक्क डावलण्याच्या हेतूने मंचाचे डिजिटल कुलूप फोडणे तर २०१२ च्या दुरुस्तीपासून शिक्षेस पात्र आहे. म्हणून मंचावरच्या नव्या मालिकेसाठी सरळ मार्ग तीनच: वाहिनीवर प्रसारित झाली तर तेव्हा टिपून घ्यावी, तबकडी निघाली तर विकत घ्यावी, आणि यांपैकी काहीच नसेल तर निर्मात्यांकडे मागणी करीत राहावे. मागणीच नसेल तर तबकडी कोण काढणार?

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द निकडीचे आहेत. चित्रफितीवर चुंबकीय कण एका लेपाने चिकटविलेले असतात, आणि हा लेप हवेतला ओलावा शोषून हळूहळू सुटतो. खाडीकाठच्या आपल्या गावात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल येते. तेथे माळ्यावरच्या कॅसेटीचे काय होत असेल! पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. फीत खराब होईल आणि यंत्रही. व्हीएचएस रेकॉर्डर बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने जुलै २०१६ मध्ये ते बनविणे थांबविले, म्हणजे चालू यंत्रे दिवसेंदिवस कमीच होणार. तेव्हा कॅसेटीवरून संगणकावर प्रत करून घेण्याचे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नये. आरंभ कोठून करावा? पुन्हा तीच कसोटी. आधी चौथ्या घरातले, मग तिसऱ्या घरातले. चित्रपट आणि क्रिकेटचे सामने सर्वांत शेवटी.

जागेची अडचण आता उरलेली नाही. पूर्वी एका व्हीसीडीवर तासा-सव्वातासाचे, म्हणजे मालिकेचे जेमतेम तीन भाग मावत. आज तळहाताएवढ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर, बऱ्या दर्जाचा एक भाग तीनशे मेगाबाइटचा धरला, तर तीन हजारांहून अधिक भाग राहतात. पण येथेच नवा धोका आहे. जागा फार झाली की माणूस निवडणे सोडून देतो, आणि न निवडलेला संग्रह म्हणजे अडगळच. दुसरे असे की, डिस्कही बिघडते. म्हणून एका वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, हा जाणत्यांचा नियम पाळावा. बेलापूरच्या मुलाची प्रत पनवेलच्या मुलीकडे असावी. आणि प्रत्येक प्रतीसोबत मराठीत टिपण लिहून ठेवावे: कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख, कलावंत, आणि हे का ठेवले त्याचे एक वाक्य. आमच्या वडिलांची चिठ्ठी नसती तर आपण काय गमावले, हेही आम्हांस कधी कळले नसते.

अखेर एक प्रश्न उरतोच. इतकी खटपट कशासाठी? करमणुकीला तर काही कमी नाही. याचे उत्तर आपल्या वसाहतींकडे पाहिले म्हणजे मिळते. नवी मुंबई हे गावोगावहून आलेल्या माणसांचे शहर. एका मजल्यावर सातारा, केरळ, बिहार आणि कोकण शेजारी नांदतात. मुले शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी आणि घरात आजीशी मराठी बोलतात. आजी गेली की तो तिसरा भाग पुष्कळदा तिच्याबरोबरच जातो. वाडा, आळी, नात्यागोत्याचा गोतावळा या मुलांनी पाहिलेला नाही. टिपरे आजोबा नातवंडांशी ज्या मराठीत थट्टा करतात, गोट्या मोठ्या माणसांशी ज्या अदबीने आणि मिस्कीलपणाने बोलतो, ती मराठी कानांवर पडण्यासाठी त्यांना दुसरी जागा उरलेली नाही. आणि आजच्या मालिकेत जे जोडपे भाड्याच्या घरात, हप्त्यांच्या काळजीत, अर्धे इंग्रजी मिसळलेली मराठी बोलते, तीही खरी मराठीच आहे. पन्नास वर्षांनी कोणाला आपण कसे राहत होतो हे ऐकावेसे वाटेल, तेव्हा ती बोली कोठे सापडणार? जुने ठेवावे ते मुलांना आपण कोठून आलो हे कळावे म्हणून, आणि नवे ठेवावे ते त्यांच्या मुलांना हे लोक कोण होते हे कळावे म्हणून.

तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर आजोबा-नातवाचा वाद मिटविण्याची घाई करू नका. दोघांनाही एकेक कागद द्या आणि प्रत्येकी पाच-पाच नावे लिहावयास सांगा: पुन्हा पाहावीशी वाटतील आणि पुन्हा मिळतील असा भरवसा नाही, अशी. मग आजोबांनी नातवाची यादी पाहावी आणि नातवाने आजोबांची. त्या दहा नावांपासून संग्रहाला आरंभ करावा. आणि टिपून घ्यावयास कधी कोरी जागा सापडली नाही, तर हाताला येईल त्यावर मुद्रण करण्यापूर्वी खालची चिठ्ठी एकदा वाचून घ्यावी.